यंदा काय सोडलं?

लेंट, म्हणजे इस्टरच्या आधीचा आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ, लागला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, भेटल्या भेटल्या विचारायचा प्रश्न ठरलेला असतो, 'काय, यंदा काय सोडलं?' उत्तरंही ठरलेली. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी रात्रीची मालिका. पोरं रील बघायचं सोडतात आणि सोडल्याचं स्टेटस ठेवतात. मी गेली अकरा वर्षं चहा सोडतो. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, बायको म्हणते, 'घ्या की अर्धा कप, देव काय कप मोजायला बसलाय?' मी मान हलवून नाही म्हणतो. त्या नाही म्हणण्यात काय सुख असतं, ते ज्यानं चारचौघांत उपास केलाय त्यालाच कळेल.

यंदा तर सोलापुरात गंमतच झाली. रविवारी १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र, म्हणजे सिद्धेश्वराच्या गावाचा मोठा उपास. बुधवारी १८ तारखेला आमचा राखेचा बुधवार, लेंटचा पहिला दिवस. आणि लगेच दुसऱ्या दिवशी रमजानचा पहिला रोजा. एका आठवड्यात सगळं गाव आपापल्या परीनं उपाशी. विजापूर वेशीत खजूर घ्यायला गेलो तर गाडीवाल्यानं विचारलं, 'रोजा धरता काय चाचा?' म्हटलं, 'नाही, आमचा लेंट.' त्याला समजावून सांगितलं, चाळीस दिवसांचा असतो, रविवार धरत नाहीत, म्हणून इस्टरपर्यंत मोजलं तर सेहेचाळीस भरतात. 'चाळीस!' तो म्हणाला. 'आमच्यापेक्षा दहा जास्त!' मग मी म्हटलं, पण आम्ही दुपारी जेवतो, पाणीही पितो. त्याच्या चेहऱ्यावरचा आदर झटक्यात उतरला, आणि खजुराचा भाव काही उतरला नाही.

हे हलकंफुलकं सांगून झालं. आता जे म्हणायचंय ते म्हणतो. 'काय सोडलं' हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो आहोत, असं मला आता वाटतं. आपल्या वस्तू आपण सोडायच्या, चाळीस दिवसांनी आपल्याच आपण परत घ्यायच्या, यात दुसऱ्या कुणाचा काही संबंधच येत नाही. ज्याचं आपण काही घेतलंय, तो माणूस या सगळ्या व्यवहारात कुठंच नाही. आणि पश्चात्तापाच्या काळात तोच नसेल, तर तो काळ कसला?

गेल्या वर्षीची गोष्ट. लेंटमध्ये आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी कॉटेज प्रार्थना असतात. आज या घरी, उद्या त्या घरी. सतरंज्या अंथरायच्या, दोन गीतं, वचन, साक्षी, प्रार्थना, आणि मग अल्पोपाहार. 'अल्प' हा शब्द सवयीनं राहिलाय. पाळकसाहेब कुणीही असोत, दरवर्षी पहिल्याच रविवारी सांगतात, लेंट आहे, फक्त पाणी ठेवा. मग एखाद्या घरी पाण्याबरोबर सरबत येतं, पुढच्या घरी सरबताबरोबर चिवडा, आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत ते उप्पीट-शिऱ्यावर पोचतं. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण पंढरपूरच्या वाटेवरच्या लोकांनी आमच्यासाठीही केलेली असावी.

त्या दिवशी प्रार्थना माझ्या घरी होती. आमची आक्का बार्शीहून आलेली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसली होती, भिंतीला टेकून, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब सोडून. पाळकसाहेब नवे, तरुण. त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, कोणी काय सोडलं ते सांगा, एकमेकांना बळ मिळेल. मी चहा सांगितला. शेजारच्या काकूंनी सोनं घालणं सांगितलं. प्रश्न फिरत फिरत आक्काकडे गेला. ती म्हणाली, 'माझ्याकडं सोडण्यासारखं राहिलंय काय साहेब?' सगळे हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानंच. मग उप्पीट आलं.

हसू का आलं, याचा हिशेब रात्री झोप लागेना तेव्हा लागला.

आमचे वडील, आबा, शिक्षक. त्यांनी सत्तरच्या दशकात विजापूर रस्त्याच्या बाजूला एक प्लॉट घेतला, तेव्हा तिकडं बाभळी होत्या आणि लोक म्हणायचे, मास्तर गावाबाहेर कुठं चाललात. दोन खोल्या बांधल्या. २००९ मध्ये ते गेले, आई आधीच गेलेली. मृत्युपत्र नव्हतं. २०११ मध्ये मी दोघी बहिणींना बोलावून घेतलं, आक्काला आणि धाकटीला, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्र करून घेतलं. दोनशे रुपयांचा मुद्रांक लागला. कागदावर वरती 'लिहून घेणार' म्हणून माझं नाव, खाली 'लिहून देणार' म्हणून त्या दोघींची. 'राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता' असं छापील वाक्य होतं. आक्कानं विचारलं, 'इथं आबांचं नाव कुठंय रे?' तिला दाखवलं. तिनं त्या नावावर बोट ठेवलं, आणि मग सही केली. कॅमेऱ्यासमोर बसून फोटो, अंगठा. बाहेर आल्यावर दोघींना साड्या घेतल्या, हॉटेलात जेवू घातलं. माझ्या मते तो फार चांगला दिवस गेला होता.

पुढं आक्काच्या नवऱ्याचं आजारपण निघालं. तिनं माझ्याकडे चाळीस हजार मागितले. मी दिले, उसने म्हणून दिले. तिनं शिलाईच्या पैशातून दोन वर्षांत फेडले, शेवटचे दोन हजार तर मी नको म्हणत असताना रुमालात बांधून आणून दिले. तेव्हा वरच्या मजल्याचं भाडं माझ्या खात्यात दरमहा जमा होत होतं. यातल्या एकाही गोष्टीची मला लाज वाटली नव्हती. त्या सगळ्या वर्षांत मी लेंट पाळत होतो.

कुणी म्हणेल, यात धर्माचा काय संबंध, हे तर सगळीकडेच चालतं. चालतंच. सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, कुठल्याही भाषेच्या घरात जाऊन विचारा, 'बहिणीनं सही दिली का' या प्रश्नाचं उत्तर एकच येईल. पण आम्हा ख्रिस्ती भावांना एक सबबही उरत नाही. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं जन्मजात हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. त्याआधी कायदाच भावाच्या बाजूनं झुकलेला होता असं म्हणता तरी येत असे. आमचं तसं नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेदच नाही, मुलं म्हणजे मुलं, वाटे सारखे. त्याच्या आधीच्या १८६५ च्या कायद्यातही तेच होतं. त्रावणकोरच्या ख्रिस्ती लेकींना जुन्या स्थानिक कायद्यानं भावाच्या चौथाई वाटा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी तेवढंच मिळायचं. त्याविरुद्ध मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. आपल्याकडे कुणालाच कोर्टात जावं लागलं नाही, कारण कायदा पहिल्यापासून चांगला होता. चांगल्या कायद्याची वाट लावायला एक साडी पुरली.

बहिणी सही का देतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माहेर तुटू नये म्हणून. भावाच्या दारात उन्हाळ्याच्या सुटीत पोरांना घेऊन येता यावं, भाऊबीज-नाताळला कुणीतरी वाट बघत असावं, नवऱ्यानं काही केलं तर पाठीशी कुणीतरी उभं राहावं, म्हणून. म्हणजे 'मोबदला न घेता' हे छापील वाक्य खोटं असतं. मोबदला असतो, आपण तिला तिचंच माहेर विकत देतो.

आता शास्त्राकडे वळतो. मराठीत 'पश्चात्ताप' हा शब्द आहे, सुंदर आहे, पण त्यात सगळा भर तापावर. मागाहून जळणं. जळून झालं, डोळ्यांतून पाणी आलं, की आपल्याला वाटतं काम झालं. बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणं असा आहे, तो जरा पुढचा. पण जुन्या करारात, इब्री म्हणजे हिब्रू भाषेत, जो शब्द येतो त्याचा मूळ अर्थ वळणं, माघारी येणं. आणि त्याच धातूपासून 'परत करणं' हे क्रियापद होतं. त्यातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात चुकलेल्या माणसानं काय करावं ते सांगितलंय: पाप कबूल करावं, ज्याचं नुकसान केलं त्याची पूर्ण भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यावा. तिथं हेच क्रियापद आहे. आपल्या मराठीतही परतणं आणि परत करणं शेजारी शेजारीच राहतात. भाषांतर करताना तो शेजार सुटला आणि आपल्या हाती नुसता ताप आला.

लूकच्या शुभवर्तमानातली जक्कयची गोष्ट आमच्या संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते. बुटका जकातदार, उंबराच्या झाडावर चढला, येशूनं त्याला हाक मारली. झाडावर चढण्याचा अभिनय सगळे हौसेनं करतात. पुढचं मात्र आपण घाईनं उरकतो. तो उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. आता हे चौपट आलं कुठून? स्वतःहून कबूल करणाऱ्याला गणनाच्या हिशेबानं मूळ रक्कम आणि वर वीस टक्के, एवढंच द्यावं लागतं. चौपट हा मेंढरू चोरून कापणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा दंड, निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातला. म्हणजे जक्कय स्वतःला चोराचं कलम लावून घेतो. आपण चुकलो, गैरसमज झाला, रीतच तशी होती, असलं काही म्हणत नाही. आणि गंमत म्हणजे तो कशाचाही उपास करत नाही; उलट त्या दिवशी येशू त्याच्या घरी पाहुणा आहे आणि त्यानं त्याचं आनंदानं स्वागत केलंय.

उपास करणारा माणूस त्याच लूकच्या शुभवर्तमानात एक पान आधी भेटतो. मंदिरात उभा राहून सांगतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो. तो नीतिमान ठरून घरी गेला नाही, असं येशू म्हणतो. अकरा वर्षं चहा सोडणाऱ्यानं हे पान सावकाश वाचावं.

माझ्या या म्हणण्यावर आमच्यातलेच जुने लोक पहिला आक्षेप असा घेतील, की मुळात लेंट हा आपला नव्हेच. यात तथ्य आहे. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली. ते मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, मग नगर, मग इकडे सोलापूर. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपण पाहायचा, अशा परंपरेतले लोक. त्यांच्या प्युरिटन, म्हणजे कडक साधेपणाच्या प्रोटेस्टंट पंथातल्या, पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करण्यावरसुद्धा दंड ठेवला होता, तिथं लेंटची काय कथा. त्याच्याही आधी, १५२२ मध्ये, झुरिकला एका छापखान्यात लेंटमध्येच मुद्दाम सॉसेज कापून खाल्ले गेले, आणि तिथं हजर असलेल्या धर्मसुधारक झ्विंग्लीनं नंतर प्रवचनातून त्या खाणाऱ्यांची बाजू घेतली. तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीला राखेचा बुधवार माहीत नसला तर नवल नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय चर्चचं एकीकरण झालं, अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बाप्तिस्त असे वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले, आणि त्या संसारात लेंटही आमच्या वाट्याला आला. मला हे फार सोयीचं वाटतं. जी गोष्ट अंगवळणी पडून पन्नास-पंचावन्नच वर्षं झाली, ती कशी पाळायची हे ठरवायला आपण अजून मोकळे आहोत. 'पूर्वापार असंच चालत आलंय' असं म्हणायची सोय आपल्याला नाही, हे आपलं भाग्य.

राखेचीही कथा अशीच. आता आमच्याकडेही काही ठिकाणी गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून त्या राखेचा कपाळावर क्रूस काढतात. जुन्या काळी युरोपात राख सरसकट लावत नसत. ज्यांनी उघड मोठं पाप केलंय, त्यांच्यावर ती टाकायची, त्यांना मंडळीच्या बाहेर ठेवायचं आणि इस्टरच्या आधीच्या गुरुवारी पुन्हा आत घ्यायचं. १०९१ मध्ये बेनेव्हेंटोच्या धर्मसभेनं ठरवलं, राख सगळ्यांनीच घ्यावी. नम्रतेचा निर्णय होता, चांगलाच होता. पण त्याचा एक तोटा झाला असं मला वाटतं. सगळेच पापी म्हटल्यावर कुणाच्याही पापाला नाव-गाव उरलं नाही. 'हे प्रभू, आम्ही विचारानं, उच्चारानं, आचारानं पाप केलंय' असं तीनशे माणसं एका सुरात म्हणतात, आणि त्या तीनशेत एकाच घराचे दोन वाटेकरी दोन टोकांच्या बाकांवर बसलेले असतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही. तू तर बहिणीला वाटा देऊन पुण्य कमवायला निघालास. हे मी मनापासून मानतो, की कृपा विकत मिळत नाही. पण जक्कयकडे पुन्हा बघा. येशू आधी त्याच्या घरी जायचं ठरवतो. चौपटीची गोष्ट नंतर येते. परतफेड ही कृपेची किंमत नव्हे. पण कृपा घरात आली आणि कपाटातल्या कागदांपर्यंत पोचलीच नाही, तर ती घरात आली होती की नुसती दारावरून गेली, अशी शंका येते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात तर क्रम स्पष्टच दिलाय: वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. तुझ्या मनात नव्हे, त्याच्या मनात. आम्ही अर्पण तिथंच ठेवून बाहेर पडलेलं अजून एकालाही पाहिलेलं नाही. पिशवी फिरते, गीत चालू असतं, सगळं वेळेत होतं.

तिसरं म्हणणं असं, की चर्चनं घरच्या वाटण्यांत पडू नये. हे ऐकून मला हसू येतं. चर्च आमच्या घरात पडत नाही कुठं? लग्न ठरलं की तीन रविवार पुकार होते, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मूल झालं की बाप्तिस्मा, माणूस गेला की दफनभूमीची पावती. लग्नाला हरकत विचारता येते, तर हक्कसोडीला का नाही?

इथं मला एक कबुली द्यायची आहे. हा लेख मी आधी वेगळाच लिहायला घेतला होता. सोलापूरच्या सेटलमेंटवर. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जन्मानं गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं. इथल्या वसाहतीचा कारभार काही वर्षं आमच्याच मिशनकडे होता. शाळा काढल्या, कामं शिकवली, हेतू चांगला होता, पण कुंपणाच्या चाव्या चर्चच्या माणसांकडे होत्या. कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ उजाडलं. याबद्दल आज आम्ही काही म्हणायचं की नाही, असा लेखाचा विषय. उदाहरणं तयार होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० सालच्या लेंटच्या पहिल्या रविवारी, १२ मार्चला, चर्चच्या लेकरांच्या हातून शतकानुशतकं घडलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली. इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी, २०१९ मध्ये जालियनवाला बागेत जमिनीवर साष्टांग पडले, आणि ब्रिटिश सरकारच्या वतीनं मला बोलता येत नाही, असंही म्हणाले. दोन पानं लिहून झाली. छान उतरत होतं. मग लक्षात आलं, छान का उतरतंय ते. सेटलमेंट ना मी चालवली ना माझ्या आबांनी. दुसऱ्याच्या पापाचा पश्चात्ताप करायला फार बरं वाटतं, लेखणी आपोआप धावते. तो विषय महत्त्वाचा नाही असं नाही. तिथल्या घरांतल्या कुणी तरी लिहावा, आणि आम्ही खाली बसून ऐकावा. मला माझं कपाट उघडायचं होतं.

तर मंडळीनं काय करावं? माझी सूचना साधी आहे. लेंटमधला एक शनिवार भगिनी मंडळाच्या हाती द्यावा. गणना सत्ताविसावा अध्याय मोठ्यानं वाचावा. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सलाफहादाच्या पाच मुली, भाऊ नाही म्हणून बापाचं नाव का पुसलं जावं, आम्हालाही वतन द्या, असं मोशेसमोर उभं राहून सांगतात, आणि परमेश्वर म्हणतो, यांचं म्हणणं बरोबर आहे. पुढं छत्तिसाव्या अध्यायात या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट येते, म्हणजे तिथंही पुरुषमंडळींनी मागाहून पाचर मारलीच. तेही वाचावं, लपवू नये. साठ वर्षांत या पाच नावांवर मी एकही प्रवचन ऐकलेलं नाही. वाचून झालं की मंडळीतल्याच एखाद्या वकिलानं दोन तास बसावं. मृत्युपत्र कसं करायचं, हक्कसोड म्हणजे नेमकं काय, सही करण्यापूर्वी काय वाचायचं, केलेली सही कशी निस्तरायची, एवढं सांगावं. कुणाला खाली मान घालायला लावायची गरज नाही. नुसती माहिती मिळाली तरी पुष्कळ भावांचे चहा गोड लागायचे नाहीत.

आणि 'काय सोडलं' ऐवजी काय विचारावं? काहीच विचारू नये. उपास करताना तोंड उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, हे खुद्द येशूचं सांगणं आहे, आणि तेच वचन आम्ही राखेच्या बुधवारी वाचतो, कपाळावर राख घेऊन.

माझं काय झालं, ते सांगून टाकतो, नाही तर हाही लेख सेटलमेंटसारखाच व्हायचा. जानेवारीत वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, नोंदवलेलं हक्कसोडपत्र फाडून चालत नाही. दोघींना त्यांचा त्यांचा तिसरा हिस्सा बक्षीसपत्रानं द्यावा लागेल. बहिणीला बक्षीस म्हणजे मुद्रांक बाजारमूल्याच्या ३ टक्के, वर स्थानिक कर, नोंदणी फी. म्हणजे घेताना दोनशे रुपये आणि परत देताना लाखाच्या घरात. सरकारनं हे मुद्दाम केलं नसेल, पण माणसाला चांगलाच ओळखून केलंय. 'बक्षीस' हा शब्दही मला खुपला. तिचंच तिला बक्षीस. दुसरा शब्द नाही का, विचारलं. कायद्यात नाही, म्हणाले.

आक्काला फोन केला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, 'आता कशाला? लोक म्हणतील म्हातारपणी भावाकडून घर उकळलं.' मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'धाकटीला आधी विचार. आणि वरची मागची खोली आहे ना, तिचं भाडेकरू कधी निघतंय?' धाकटीनं मात्र लगेच विचारलं, किती चौरस फूट.

रेडी रेकनरचे, म्हणजे मिळकतीच्या सरकारी बाजारमूल्याचे, नवे दर १ एप्रिलला लागतात, तेव्हा ३१ मार्चच्या आत उरका, असा वकिलांचा सल्ला आहे. यंदा गुड फ्रायडे ३ एप्रिलला येतो. मसुदा तयार आहे, टेबलावर पडलाय. 'लिहून देणार' म्हणून या वेळी माझं नाव आहे. मुलाला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, जेवायलाही उशिरा बसतो, मी उठल्यावर. त्याच्या आईनं काल त्याला विचारलं, 'लेंटमध्ये हे काय नवीन सोडलंस?'